कांदळवन : संशोधन व लोकधोरण

खाऱ्या दलदलीत भरती-ओहोटीच्या टप्प्यात वाढणाऱ्या वनस्पतिसमूहास कांदळवन किंवा कच्छ वनश्री म्हणतात. नवी मुंबईतील नेरूळच्या पश्चिमेस, सारसोळे या मच्छीमारांच्या जुन्या गावालगत खाडीकाठी असे वन असून त्यात तिवराचे प्राबल्य आहे. निरुपयोगी दलदल समजून अशा जमिनींवर भराव घालण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. मुळांच्या जाळ्यात गाळ धरला जातो, लाटांचा जोर मोडतो आणि मासे व कोळंबी यांची पिले वाढतात, हे अभ्यासांतून स्पष्ट होत गेले. १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने कांदळवनास सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात घातले. तथापि कोणती जमीन कांदळवनाची, हा वाद उरलाच. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोडीस राज्यभर मनाई केली आणि उपग्रहचित्रांवरून नकाशे करण्याचा आदेश दिला. दूरसंवेदन हे अशा रीतीने पुराव्याचे साधन बनले. २०१२ मध्ये वन विभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला. त्याच्या ऐरोली येथील जैवविविधता केंद्रात (२०१७) विद्यार्थ्यांना खाडीतील जीवसृष्टीचा परिचय करून देतात.

नकाशात वृक्षाच्छादन दिसते. पाण्याचा ओघ दिसत नाही. बांध वा रस्त्यामुळे भरतीचे पाणी अडल्यास एकही झाड न तोडता वन वाळते. नियमाची भाषा मुख्यतः तोड व भराव यांची असल्याने असा ऱ्हास सिद्ध करणे कठीण जाते. होडी हाकणाऱ्या कोळ्यास पाणी कोठे अडले ते नकाशापूर्वीच कळते. सर्वेक्षणात या माहितीचा उपयोग करून घेणे इष्ट आहे. [→ वनश्री, कच्छ].