संगणकाच्या पोटातला छोटा सेल



आपल्या शाळेतला जुना संगणक रोज सकाळी चुकीची तारीख दाखवी. कोणी म्हणाले, "झाला आता बाद, द्या भंगारात." पण बिघडले होते ते फक्त पोटातल्या सेलचे. बाई शेजारी उभ्या होत्या आणि सेल मी बदलला, म्हणून ही माहिती लिहिते.

वीज बंद असली तरी संगणकात एक घड्याळ चालू असते. मनगटी घड्याळासारखाच त्यात क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडला आहे. त्याला २ ने १५ वेळा भागून पाहा, बरोबर १ येतो! (मी वहीत करून पाहिले.) रात्री या घड्याळाला सेलचा आधार लागतो. आयबीएम कंपनीच्या १९८४ सालच्या पीसी एटी संगणकातही अशीच सोय होती. सेल संपला की घड्याळ थांबते. मग पुष्कळ जुने संगणक १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवतात, कारण त्यांची दिनगणना तिथूनच सुरू होते.

सेलवर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. त्या आकड्यातच माप आहे. रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. आत लिथियम असते आणि वीज ३ व्होल्टची.

आधी बटण बंद केले, मग वायर प्लगातून काढली. झाकण उघडल्यावर पेटीच्या पत्र्याला हात लावला. आपल्या अंगावरची स्थिर वीज आतल्या नाजूक भागांना मारक असते. कडेची पट्टी नखाने ढकलली तसा सेल टुणकन वर आला. मीटरवर २ व्होल्टसुद्धा भरेनात. आपल्या डोंगरीला समुद्राचा खारा वारा. खिडकीचे गज गंजतात, तिथे सेलखालची पत्री कशी सुटेल? ती खोडरबराने हलकेच घासली, नाहीतर नवा सेलही नीट टेकत नाही. बेरजेचे चिन्ह वर ठेवून नवा सेल बसवला. संगणक सुरू होताना डिलीटची कळ दाबून (काहींत एफ-२) तारीख-वेळ भरली.

त्याहून जुन्या काही संगणकांत पिंपाच्या आकाराचा निकेल-कॅडमियमचा सेल कथिलाने जोडलेला असतो. तो गळला की तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. ते काम जाणकारानेच करावे.

पालकांनो, हे मात्र नीट वाचा. हा सेल गोळीसारखा चकचकीत दिसतो. लहान मूल तो तोंडात घालते. रिमोटात, खेळण्यांतही तो असतो. घशाखाली अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजून काढतो. संपलेला सेलसुद्धा! मूल रडत नसले तरी थांबू नका. उलटी काढू नका. डोंगरीहून भाईंदर गाठायलाच वेळ जातो, तेव्हा तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

आमचा जुना सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बाईंच्या कपाटात, वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात आहे. ई-कचरा गोळा करणारे आले की त्यांना द्यायचा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी