ग्रंथातील चंद्रकांता आणि पडद्यावरील चंद्रकांता

वाचकहो, १९९४ सालातील एक रविवारची सकाळ आठवून पाहा. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रात्रपाळी आटोपून आलेला कामगार एरवी अंथरुणावर अंग टाकता क्षणी झोपी जावयाचा. परंतु त्या दिवशी तो हातपाय धुऊन मुलांच्या शेजारी दूरदर्शन संचासमोर बसलेला दिसे. शेजारच्या बिऱ्हाडातील मंडळीही येऊन बसत. कोणी नागपूरकडचे, कोणी आंध्रातील, कोणी बंगाली, कोणी याच छत्तीसगढच्या मातीतील. (भिलाई त्या वेळी मध्य प्रदेशात होती, छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले.) पडद्यावर घोडे दौडू लागत, किल्ले दिसू लागत आणि ‘चंद्रकांता’ ही मालिका सुरू होई. मग घटका दीड घटका सेक्टरांतील रस्ते ओस पडत.

त्या काळची बालके आज स्वतः आईबाप झाली आहेत. अशाच एका मराठी घरात आजीने जपून ठेवलेली मूळ हिंदी ‘चंद्रकांता’ सुट्टीत नातवाच्या हाती दिली. मालिकेचे जुने भाग त्याने पाहिले होते. चार दिवसांनी त्याने पुस्तक परत आणले आणि म्हणाला, “आजी, यात यक्कू कुठे आहे? नागराणी कुठे आहे? ही खरी चंद्रकांता नव्हेच!” आजी हसून म्हणाली, “अरे, हीच खरी. तू पाहिलीस ती हिची दूरची नातलग.”

आजीचे हे उत्तर वरवर विनोदाचे असले, तरी त्यात एक विचार करण्याजोगा प्रश्न दडलेला आहे. ग्रंथाचे नाव घेऊन पडद्यावर येणारी कथा ग्रंथापासून कोठे वेगळी होते, का होते, आणि त्यात आपले काही हरवते काय?

वनांच्या ठेक्यातून उगवलेली कथा

‘चंद्रकांता’चे लेखक बाबू देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ सालचा. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य मराठी कादंबरीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, हा योगायोग मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खत्रींनी काशी संस्थानातील चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका घेतला होता. त्या निमित्ताने डोंगर, दऱ्या, पडके किल्ले आणि भुयारे यांतून ते मनसोक्त हिंडले. हेच प्रदेश पुढे त्यांच्या कथेत उतरले. नौगढ, विजयगढ व चुनार ही नावे कल्पित नव्हेत. आजच्या उत्तर प्रदेशातील चंदौली, सोनभद्र व मिर्झापूर या जिल्ह्यांत ती ठिकाणे आहेत.

१८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ प्रसिद्ध झाली. तिचे भाग चार. लोकांना ती इतकी आवडली, की पुढे ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांत लिहिली गेली. तीत चंद्रकांतेचे पुत्र इंद्रजीतसिंह व आनंदसिंह नायक झाले. त्यानंतरच्या ‘भूतनाथ’चे सहा भाग लिहून होताच १९१३ साली खत्री निवर्तले, आणि उरलेली कथा त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली. या कथा वाचण्यासाठी अनेकांनी मुद्दाम हिंदी वाचावयास शिकून घेतले, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार आवर्जून नमूद करतात.

बटव्यातील विद्या

मूळ कथा थोडक्यात अशी. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह व विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे परस्परांवर प्रेम आहे. विजयगढच्या दिवाणाचा पुत्र क्रूरसिंह त्यांच्या आड येतो, आणि डाव फसल्यावर चुनारचा राजा शिवदत्त याला चिथावतो. राजांच्या या झगड्यात खरा खेळ चालतो तो ‘ऐयारां’चा. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी व युक्ती यांत निष्णात असलेला राजसेवक. नौगढचा तेजसिंह आणि चंद्रकांतेची सखी चपला हे यातील अग्रणी.

या ऐयारांजवळ मंत्र नाही की सिद्धी नाही. त्यांच्या कमरेला एक बटवा असतो. त्यात बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा ‘लखलखा’, मेणबत्ती आणि चेहरा रंगविण्याचे साहित्य. वेष पालटावयास त्यांना वेळ लागतो; तोंड गरम पाण्याने धुतले की सोंग उघडे पडते; म्हणून खऱ्या मित्राची ओळख पटविण्यासाठी सांकेतिक शब्द ठरलेले असतात. पकडलेल्या ऐयारास ठार मारावयाचे नाही, बंदीत ठेवावयाचे, असा त्या व्यवसायाचा दंडकही आहे.

‘तिलिस्म’चेही तसेच. पुरातन राजांनी वंशजांसाठी धन दडविण्याकरिता बांधलेली ही गुप्त रचना. तीत एक भलामोठा बगळा माणसाला गिळून टाकतो, दारे आपोआप मिटतात, पाषाणाच्या मूर्ती हालतात. परंतु या साऱ्यांमागे कळ, साखळी, चाक व रसायन असते, आणि धीराने शोधणाऱ्यास त्यांचा उलगडा होतो. खत्रींच्या आधी लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही उर्दू दास्तान निघू लागली होती. तिच्यातील तिलिस्म खऱ्याखुऱ्या जादूगारांचे होते. खत्रींनी तो शब्द घेतला आणि त्यातील जादू काढून तेथे यंत्र बसविले. हेच त्यांचे मोठे कर्तृत्व होय.

पडद्यावर काय झाले?

नीरजा गुलेरी यांनी निर्मिलेल्या मालिकेचे लेखन कमलेश्वर यांच्यासारख्या नामवंत साहित्यिकाकडे होते. शाहबाज खान, शिखा स्वरूप, पंकज धीर, मुकेश खन्ना अशी नटमंडळी तीत होती. गोव्याच्या आपल्या वर्षा उसगांवकरही रूपमतीच्या भूमिकेत होत्या. पण कथेचे स्वरूप पाहता पाहता पालटले.

कादंबरीतील क्रूरसिंह हा कथेला गती देणारा एक हलका दुर्जन. अखिलेंद्र मिश्र यांच्या झुपकेदार भुवयांनी व ‘यक्कू’ या उद्गाराने तो मालिकेतील सर्वांत लाडका खलपुरुष झाला. बद्रीनाथ हा ग्रंथात शिवदत्ताच्या पदरच्या अनेक ऐयारांपैकी एक. पडद्यावर त्याला सोमनाथ नावाचा जुळा भाऊ लाभला, आणि इरफान खान यांनी दोन्ही भूमिका वठविल्या. कपटी व उतावळा शिवदत्त ‘विषपुरुष’ बनला. नागराणी आली, मंत्रतंत्र आले. ज्या जादूला खत्रींनी दाराबाहेर काढले होते, ती शंभर वर्षांनी खिडकीतून पुन्हा आत शिरली.

याचा दोष एका कोणावर ठेवणे न्यायाचे होणार नाही. चार भागांची आटोपशीर कादंबरी शंभरांहून अधिक भागांना पुरवावयाची, म्हणजे नवी पात्रे व नवी संकटे आणणे आलेच. प्रत्येक भागाच्या अखेरीस प्रेक्षकाला आठवडाभर तिष्ठत ठेवावयाचे, तर उलगड्यापेक्षा धक्का अधिक उपयोगी पडतो. ज्या नटावर लोक लोभ करतात, त्याची भूमिका वाढत जाते.

शिवाय एक अडचण माध्यमाचीच आहे. ग्रंथकार ‘एक भिकारी आला’ एवढेच लिहितो. तो भिकारी म्हणजे तेजसिंह, हे वाचकालाही ठाऊक नसते. ऐयार शत्रूबरोबर वाचकालाही फसवितो, आणि पुढे गुपित फुटले की आपण मागची पाने पुन्हा चाळतो. पडद्यावर मात्र नटाचा चेहरा दिसतोच. तो झाकावा तर प्रेक्षकाला नट हवा असतो. दाखवावा तर सोंगाचे रहस्य उरत नाही. तिसऱ्या भागात वीरेंद्रसिंहाला भेटणारी वनकन्या कोण, हे कोडे म्हणूनच कागदावर जितके रंगते तितके चित्रात रंगणे कठीण. त्याचे उत्तर येथे सांगून आपला आनंद हिरावून घेण्याचे पाप आम्ही करणार नाही.

२०१७ साली दोन वेगवेगळ्या वाहिन्यांनी एकाच वर्षी नव्या ‘चंद्रकांता’ आणल्या. चित्रणाचे तंत्र पुष्कळ सुधारले होते. ग्रंथाशी असलेले अंतर मात्र कमी झाले नाही.

पंडवानीचा धडा

मग रूपांतरकाराने शब्दशः ग्रंथच दाखवावा काय? याचे उत्तर भिलाईच्या परिसरातच सापडते. येथील पंडवानी गायनाच्या दोन रीती आहेत. वेदमती रीतीचा गायक ग्रंथातील कथेला धरून चालतो. झाडूराम देवांगन या रीतीचे थोर गायक होते. कापालिक रीतीचा गायक कथा आपल्या प्रतिभेने फुलवितो. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या तीजनबाई या दुसऱ्या रीतीच्या. त्या तंबुरा उंचावून उभ्या राहत, आणि तोच तंबुरा क्षणात भीमाची गदा होई. त्यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळाले. श्याम बेनेगल यांच्या १९८८ सालच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेत महाभारताच्या प्रसंगी त्यांचेच गायन आहे.

तीजनबाईंनी शब्द बदलले, प्रसंग वाढविले, छत्तीसगढी बोलीचा साज चढविला. पण त्यांचा भीम भीमच राहिला, आणि द्रौपदीचा संताप तसूभरही उणा झाला नाही. रूपांतराची कसोटी ही आहे. किती बदलले हे मोजू नये. गाभा टिकला की नाही हे पाहावे. ‘चंद्रकांता’चा गाभा आहे मानवी बुद्धीवरील विश्वास: प्रत्येक कुलपाला किल्ली असते, कारण ते माणसानेच घडविलेले असते. मालिकेने मनोरंजन पुष्कळ केले, एका फार जुन्या ग्रंथाचे नाव घराघरांत पोचविले, हे उपकार मान्य करूनही म्हणावे लागते की हा विश्वास तीत पातळ झाला. पोलाद वितळवून देशाच्या रेल्वेचे रूळ घडविणाऱ्या या नगरीतील मुलाला नागराणीपेक्षा कळ फिरवून दार उघडणारा तेजसिंह अधिक जवळचा वाटावा, यात नवल ते काय?

त्या नातवाला आजीने उपदेश केला नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने पुस्तक उघडले आणि स्वतःच मोठ्याने वाचावयास आरंभ केला. अडलेल्या हिंदी शब्दांचे मराठी ती सांगत गेली. बगळ्याच्या प्रसंगाशी येताच तिने पुस्तक मिटले व विचारले, “हा बगळा माणूस गिळतो तरी कसा? उद्यापर्यंत विचार करून सांग.” दुसऱ्या दिवशी दुपारी नातू कागदावर चाके आणि दोऱ्या काढीत बसलेला दिसला.

वाचकहो, मालिका अवश्य पाहा. मुलांना पाहू द्या. परंतु तिच्याशेजारी तो मूळ ग्रंथही ठेवा, आणि घरातील एका तरी माणसाने तो मोठ्याने वाचावा. दोहोंतला फरक मुले आपण होऊन शोधतील.