हळद, ऊन आणि जंतू: प्रकाशोपचाराबद्दलचे गैरसमज

बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे स्थानिकांच्या तोंडी असलेल्या 'टाटा इन्स्टिट्यूट'मध्ये, प्रा. अखिल चक्रवर्ती यांच्या गटाने हळदीतल्या कर्क्युमिनला व्हॅनेडियम आणि कोबाल्टची जोड देऊन प्रकाश पडताच सक्रिय होणारी संयुगे तयार केली. त्यांच्या चाचण्या कर्करोगाच्या पेशींवर झाल्या. त्वचेवरच्या जंतुसंसर्गावरही याच तत्त्वाने उपचार करता येतात. मात्र 'हळद' आणि 'प्रकाश' हे शब्द एकत्र आले की घरगुती तर्क सुरू होतात.

गैरसमज: जंतूंना प्रकाशच मारतो.
वस्तुस्थिती: या उपचारात औषध, योग्य रंगाचा प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिन्ही एकत्र लागतात. उदाहरणार्थ, मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देते. हा उत्तेजित ऑक्सिजन जंतूचे आवरण आणि प्रथिने जाळतो, पण तो टिकतो जेमतेम काही मायक्रोसेकंद. त्यामुळे औषध जंतूला चिकटलेले असावे लागते.

गैरसमज: मग हळद लावून उन्हात बसले की झाले.
वस्तुस्थिती: कर्क्युमिन निळा प्रकाश शोषते हे खरे, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि लवकर विघटित होते. त्याला धातूची जोड देण्यामागे ते टिकावे हाही हेतू होता. डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन किती आणि उन्हातून नेमका किती प्रकाश मिळाला, याचा हिशेब घरी लागत नाही. उघड्या जखमेवर भुकटी आणि घाण मात्र बसते.

गैरसमज: हे नवे खूळ आहे.
वस्तुस्थिती: रंगद्रव्य आणि उजेड एकत्र आले की सूक्ष्मजीव मरतात, हे म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांना १९०० च्या सुमारास दिसले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल मिळाले. मुरुमांमधले जीवाणू तर पोर्फिरिन हे प्रकाश शोषणारे द्रव्य स्वतःच तयार करतात. म्हणूनच मुरुमांवर निळा प्रकाश वापरतात.

गैरसमज: आता अँटिबायोटिकची गरज नाही.
वस्तुस्थिती: उत्तेजित ऑक्सिजनचा हल्ला एकाच वेळी अनेक ठिकाणी होत असल्याने जंतूंना त्याला दाद न देणे अवघड जाते; अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही यात मरू शकतात. पण निळा प्रकाश त्वचेत साधारण मिलिमीटरभरच जातो, लाल थोडा अधिक. खोल गळवातला पू काढावाच लागतो. ताप आला, लाली पसरू लागली, तर अँटिबायोटिक टाळणे धोक्याचे. शिवाय ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे बाह्य आवरण बहुतेक रंगद्रव्यांना आत येऊ देत नाही. त्यांच्यासाठी धनभारित रेणू लागतात.

गैरसमज: प्रकाशच तो, अपाय कसला?
वस्तुस्थिती: जळजळ, लाली, सूज येऊ शकते. सावळ्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात. उपचाराच्या वेळी डोळे झाकावे लागतात आणि नंतर काही काळ ती जागा उन्हापासून जपावी लागते.

मुरुमांसाठी हे उपचार दवाखान्यांत होतात. इतर बऱ्याच जंतुसंसर्गांवर मात्र अजून ते रोजचे झालेले नाहीत. कुणी सुचवलेच तर विचारावे: संसर्ग नेमक्या कोणत्या जंतूचा, औषध कोणते, प्रकाश कोणत्या रंगाचा? उत्तरे गोलमोल मिळाली, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.