गुमास्ता आहे, मग महारेरा कशाला?

‘गुमास्ता आहे, जीएसटी आहे, वीस वर्षांचा धंदा आहे. आणखी काय दाखवू?’ इस्टेट एजंटांच्या तोंडून हे अजूनही ऐकू येतं. गुमास्ता म्हणजे दुकान किंवा ऑफिस चालवण्यासाठीचा कागद. नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकून देण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ती मिळते २०१६च्या रेरा कायद्यातल्या कलम ९ खालच्या नोंदणीतून, आणि महाराष्ट्रात ती महारेरा करतं. बोलताना आपण त्याला ‘लायसन’ म्हणतो, कायद्यातला शब्द मात्र नोंदणी हाच आहे.

दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या खोल्या दाखवणाऱ्यालाही ही नोंदणी लागते असं काहींना वाटतं. तसं नाही. कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीपुरती आहे आणि कलम ९ बिल्डर विकत असलेल्या, रेरात नोंदलेल्या प्रकल्पांबद्दल बोलतं. जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट त्यात येत नाही. पण तोच एजंट एखाद्या गिऱ्हाइकाला नव्या साइटवर घेऊन गेला आणि बिल्डरकडून दलाली घेतली, तर नोंदणी हवीच. ‘मी फक्त ओळख करून दिली’ ही सबब टिकत नाही, कारण कोणत्याही माध्यमातून दोघांची गाठ घालून मोबदला घेणाराही व्याख्येत आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रकल्पाची जाहिरात टाकून कमिशन कमावणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

‘फी भरली की नंबर मिळतो’ हे एके काळी बरंचसं खरं होतं. पदवीची अट कायद्यात आजही नाही. पण १० जानेवारी २०२३च्या आदेशाने महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा २० मे २०२३ला झाली. ती घेतली आयबीपीएसने, म्हणजे बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने. जुन्या एजंटांनाही सूट नव्हती. मुदतीत प्रमाणपत्र न आणलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये निष्क्रिय झाली. अनेकांना हा जाच वाटला. मला तो वाटत नाही. गिऱ्हाईक आयुष्यभराची पुंजी घेऊन समोर बसतं, तेव्हा त्याला कार्पेट एरिया म्हणजे काय हे समजावणाऱ्याला आधी स्वतःला ते कळलेलं असावं, एवढीच ही अपेक्षा आहे.

नोंदणी पाच वर्षांची असते. नियमांत फी व्यक्तीसाठी १० हजार आणि कंपनी किंवा भागीदारी संस्थेसाठी १ लाख रुपये आहे. ‘रेराने दलाली दोन टक्के ठरवली’ असंही सांगितलं जातं, पण कायद्याने असा कोणताही दर ठरवलेला नाही. तो आपसात ठरतो. ठरला की लिहून घ्यावा.

ही नोंदणी देशभर चालते, असंही अनेक जण धरून चालतात. ती फक्त त्या त्या राज्यापुरती असते. सावंतवाडीच्या एजंटाला शेजारच्या पेडण्यातला प्रकल्प विकायचा असेल, तर गोवा रेराकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

नोंदणीशिवाय काम केल्यास दिवसाला १० हजार रुपये दंड आहे, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. फ्लॅट ६० लाखांचा असेल, तर तीस दिवसांत दंड ३ लाखांवर पोहोचतो. दोन टक्क्यांनी धरली तरी त्या व्यवहारातली दलाली १ लाख २० हजारच होते.

घर घेणाऱ्यांच्या मनातला गैरसमज वेगळा आहे. एजंटच्या कार्डावर महारेराचा नंबर दिसला की ते निर्धास्त होतात. तो नंबर महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. नाव तेच आहे का आणि मुदत शिल्लक आहे का, हे तिथे कळतं. आधी पहिलं अक्षर पाहावं. एजंटचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो. ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा असतो, कार्ड देणाऱ्याचा नाही.