परक्या भाषेतील कागद आणि शपथेचा शिक्का

तीन वर्षांपूर्वी पर्युषण पर्व आटोपल्यानंतरच्या एका संध्याकाळी आमच्या ओळखीच्या परिवारातील सून घरी आली. "जय जिनेंद्र, काका," एवढेच बोलून तिने पिशवीतून एक पाकीट काढले आणि माझ्यासमोर ठेवले. तिचे पती तुर्कस्तानातील बुर्सा या कापडउद्योगाच्या शहरात एका गिरणीच्या रंगाई विभागात नोकरीस होते. हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे तेथेच निधन झाले आणि ती लहान मुलीला घेऊन सटाण्यास परतली होती.

तुर्कस्तान म्हटले की आपल्या बागलाणातील माणसाला २०१९ च्या अखेरीस सरकारी कंपनी एमएमटीसीने मागविलेला ११ हजार टन कांदा आठवतो. त्या देशाशी आपला संबंध तेवढाच, असे मलाही वाटत असे.

पाकिटात पतीच्या बँकखात्याचा उतारा होता, सगळा तुर्की भाषेत. घरातील एका शिकलेल्या मुलाने रोमन अक्षरे लावून तो वाचला होता आणि प्रत्येक महिन्यापुढे त्याला एकच शब्द दिसला होता : 'हावाले'. "हा तर हवाला," असे तो बोलून गेला. त्या दिवसापासून चार महिने तो कागद तिने कपाटात साड्यांखाली दडवून ठेवला होता. ती म्हणाली, "काका, हे खरे असेल तर मला तो पैसा नको. पण सासूबाईंच्या कानावर हे जाता कामा नये."

बँकेच्या सेवेत काही वर्षे मी परकीय चलनाच्या टेबलावर काढली आहेत. उतारा डोळ्यांखालून घातला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीच रक्कम, त्याच नावाने गेलेली. लपवाछपवीचा व्यवहार इतका नियमित नसतो. 'हावाले'च्या शेजारी आणखी एक छोटा शब्द होता, 'किरा'. आपला 'किराया' मला त्यात दिसला. तुर्की बँकांत एका खात्यातून त्याच बँकेच्या दुसऱ्या खात्यात पैसे पाठविणे म्हणजे 'हावाले'. आपल्याकडे त्याच मूळ अरबी शब्दाला बेकायदा व्यवहाराचा वास चिकटला, तेथे तो बँकेच्या छापील पावतीवर राहिला. तो बिचारा दरमहा घरभाडे भरत होता!

दुसरी चूक आकड्यांची होती. शिल्लक म्हणून छापलेल्या आकड्यात ८६ नंतर टिंब, मग ४००, मग स्वल्पविराम आणि दोन शून्ये होती. मुलाने ती रक्कम ८६ लिरा आणि काही पैसे अशी वाचली. तुर्की रीतीत हजार टिंबाने तोडतात आणि अपूर्णांक स्वल्पविरामाने. शिल्लक ८६ हजार ४०० लिरा होती. १ जानेवारी २००५ रोजी तुर्कस्तानने आपल्या चलनातील सहा शून्ये कमी केली. त्यापूर्वीचा कागद हाती आला, तर दहा लाख जुन्या लिरांचा एक नवा लिरा हे ध्यानात ठेवावे लागते.

मी तिला धीर दिला, पण त्याच वेळी सांगितले, "बेटा, माझा हा तर्क घरात चालेल, बँकेत चालणार नाही. तेथे शपथेवर केलेले भाषांतरच हवे."

मराठी माणसाला तुर्की कागद फसवा वाटतो, कारण त्यात ओळखीचे शब्द भेटतात. आपले दफ्तर तेथे 'देफ्तेर' आहे, हिशेब 'हेसाप', तारीख 'तारिह'. फारसी-अरबीचा वारसा दोन्हीकडे पोहोचला आहे, पण अर्थ वाटेत बदलले. आपल्याकडे 'महसूल' म्हणजे सरकारी वसुली, तेथे 'माहसूल' म्हणजे शेतातले पीक. आपल्या वकिलाला 'सनद' मिळते, तेथे 'सेनेत' म्हणजे बहुधा कर्जाची वचनचिठ्ठी. ओळखीच्या शब्दावर भरवसा ठेवून कायदेशीर कागद वाचणे म्हणूनच धोक्याचे.

नावांचे प्रकरण याहून नाजूक. १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन लिपीवर आधारलेली २९ अक्षरांची वर्णमाला स्वीकारली. तिच्यात 'क्यू', 'डब्ल्यू' आणि 'एक्स' नाहीत. 'सी' या अक्षराचा उच्चार तेथे 'ज' असा होतो. 'आय' ही अक्षरे तर दोन आहेत, एक ठिपक्याचे आणि एक बिनठिपक्याचे, आणि हा भेद मोठ्या अक्षरांतही पाळतात. आपल्या पारपत्रावर 'जैन' हे आडनाव मोठ्या अक्षरांत असते आणि त्यातील 'आय'ला ठिपका नसतो. तुर्की संगणकाने ते लहान अक्षरांत उतरविले की बिनठिपक्याचे निराळेच अक्षर उमटू शकते आणि एकाच माणसाची दोन नावे तयार होतात. यावर उपाय एकच : प्रत्येक कागदावर पारपत्रातील स्पेलिंग जसेच्या तसे यावे असा आग्रह धरणे.

प्रमाणित भाषांतराची व्यवस्थाही समजून घेण्याजोगी आहे. तुर्कस्तानात भाषांतरकार नोटरीसमोर शपथ घेतो. त्याला 'येमिनली तेर्जुमान' म्हणतात; आपल्या 'तर्जुमा' शब्दाचाच हा भाऊ. तो भाषांतरावर सही करतो, नोटरी त्या सहीखाली शिक्का मारतो आणि मगच सरकारी कार्यालय किंवा बँक तो कागद हाती घेते. तेथील नोटरी कायद्याचा पदवीधर असून १९७२ च्या नोटरी कायद्याखाली काम करतो. आपल्याकडेही १९५२ च्या नोटरी अधिनियमाच्या कलम ८ मध्ये भाषांतर करणे व ते पडताळणे हे नोटरीचे काम म्हणून नमूद आहे. मात्र तुर्की न जाणणारा नोटरी केवळ भाषांतरकाराच्या सहीची साक्ष देऊ शकतो, मजकुराची नव्हे. हा फरक पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावा.

दुसरी कडी अपोस्टिलची. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार एका सदस्य देशाचा सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या सदस्य देशात चालावा म्हणून त्याला दहा नोंदींचे एक चौकोनी प्रमाणपत्र जोडतात. तुर्कस्तानात हा करार १९८५ पासून, भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अपोस्टिल सही, पद आणि शिक्का खरा असल्याचे सांगते; मजकूर खरा असल्याची हमी ते देत नाही. बँकेत खातेदाराची सही पडताळणे आणि त्याचा व्यवहार तपासणे ही जशी दोन कामे, तसेच हे.

या प्रकरणात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ प्रमाणे दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला घेतला. बुर्सातील पतीच्या एका सहकाऱ्याच्या नावे मुखत्यारपत्र केले. तुर्कीत त्याला 'वेकालेतनामे' म्हणतात आणि ते वकिलालाच द्यावे लागते असे नाही. मराठी कागदांचे येथे इंग्रजी भाषांतर, राज्य शासनाचे प्रमाणन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल झाल्यावर सर्व कागद बुर्साला गेले. तुर्की भाषांतर तेथे अपोस्टिलसकट झाले. क्रम महत्त्वाचा : आधी अपोस्टिल, नंतर भाषांतर. उलट केले, तर अपोस्टिल भाषांतराविना राहते आणि खर्च पुन्हा करावा लागतो.

एका टप्प्यावर गाडी अडली. तुर्की मृत्युदाखल्यात मृताचे नाव व आडनाव होते, मधले वडिलांचे नाव नव्हते. आपल्या न्यायालयाच्या दाखल्यात मात्र ते होते. दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरात वडिलांचे नाव 'घालून टाका', अशी घरच्यांची विनंती भाषांतरकाराने नाकारली. मुळात नसलेला शब्द मी लिहिणार नाही, असे त्याने कळविले. घरचे रागावले. मला मात्र त्याचा आदर वाटला. सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख करणे गणले आहे, ते उगाच नव्हे. सोयीसाठी घातलेले एक नावही कागद खोटा करते आणि पुढे तो ज्याच्या उपयोगी पडायचा त्याच्याच गळ्याशी येतो. त्याच्या भारतीय पारपत्राच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव होते. त्या पानाची प्रमाणित प्रत जोडली आणि दोन नावे एकाच माणसाची असल्याचे सरळ मार्गाने सिद्ध झाले.

खात्यातील रक्कम मिळण्यास पहिल्या अर्जापासून अकरा महिने लागले. ती मुलीच्या नावे मुदत ठेवीत ठेवली आहे. खातेउताऱ्याचे शिक्क्यासह इंग्रजी भाषांतर मात्र त्याच्या बरेच आधी आले. त्यात प्रत्येक महिन्यापुढे लिहिले होते : 'बँक हस्तांतरण, घरभाडे'. तो कागद तिने सासूबाईंना स्वतः वाचून दाखविला आणि चार महिने मनात काय बाळगले होते, तेही सांगितले.

ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पारपत्र, विवाह नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पदव्या काढून आज एका टेबलावर मांडा व नावाची अक्षरे जुळवून पाहा. लग्नापूर्वी वडिलांचे आणि नंतर पतीचे नाव मधे लावण्याच्या आपल्या रीतीमुळे सुना-लेकींच्या कागदांत तफावत हमखास सापडेल. ती दुरुस्त करायची तर दाखला देणाऱ्या कार्यालयात किंवा राजपत्रातील नोंदीने करा. भाषांतरकाराकडून ती अपेक्षा ठेवू नका. भाषांतर हाती आले की शिक्के, समासातील नोंदी आणि हस्ताक्षरातील मजकूर त्यात उतरला आहे ना, हे ताडून पाहा. न लागणारे अक्षर 'अवाचनीय' असेच लिहिलेले असावे. आणि परक्या भाषेतील एखाद्या शब्दाने घरातील माणसाविषयी शंका आली, तर तो कागद कपाटात दडवू नका. दुसऱ्याच दिवशी जाणकाराकडे घेऊन जा.