हवेच्या जोरावर चिखलपार

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला केप यॉर्क नावाचं लांबलचक द्वीपकल्प आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे तारयंत्राची लाईन टाकली गेली आणि तिच्या देखभालीसाठी जंगलातून एक कच्ची वाट पडली. तारा केव्हाच गेल्या, वाट मात्र राहिली. ‘ओल्ड टेलिग्राफ ट्रॅक’ या नावाने ओळखली जाणारी ही वाट आज फोर-बाय-फोर गाड्या चालवणाऱ्यांची पंढरी आहे. वाटेत एकामागून एक ओढे लागतात. त्यातल्या गनशॉट क्रीकमध्ये उतरायची जागा म्हणजे जवळजवळ उभा मातीचा कडाच. खाली चिखल, पाणी आणि आधीच्या गाड्यांनी पाडलेले खोल चर.

अशा जागी एक दृश्य नेहमी दिसतं. गाडीचं एक चाक चरावर अधांतरी लटकतं आणि गरगर फिरत राहतं. त्याच ॲक्सलवरचं दुसरं चाक घट्ट जमिनीवर टेकलेलं असतं, पण ते ढिम्म हलत नाही. इंजिन ओरडतं, चालक ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि गाडी तिथल्या तिथेच. अशा वेळी डॅशबोर्डवरचं एक छोटं बटण दाबलं जातं, बॉनेटखाली कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते, ‘फस्स’ असा आवाज होतो आणि दोन्ही चाकं एकदमच फिरू लागतात. गाडी सावकाश वर येते. ही किमया ज्या यंत्राची, त्याला एअर लॉकर म्हणतात, म्हणजे हवेच्या दाबावर लॉक होणारा डिफरन्शियल.

मुळात डिफरन्शियल कशाला?

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढायचं काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकंच गाडी ढकलतात, त्यामुळे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांपर्यंत पोचवावा लागतो. वळणावर पंचाईत होते. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनात एक वळण घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.४ मीटर जास्त धावतं. गाडीने पूर्ण वर्तुळ घेतलं तर हा फरक साडेनऊ मीटरच्या आसपास जातो, मग ते वर्तुळ मैदानाएवढं असो की अंगणाएवढं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली, तर त्यातलं एक फरफटत जाणार हे ठरलेलंच.

यावरचा उपाय ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ साली काढला. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याने दातेरी चाकांची अशी रचना पेटंट केली, जी दोन्ही चाकांना जोर देते आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. आजच्या गाड्यांमधला डिफरन्शियल तत्त्वतः तोच आहे. गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राउन व्हीलला, क्राउनला जोडलेलं घर फिरतं आणि त्या घरातले छोटे स्पायडर गिअर दोन्ही बाजूंच्या साइड गिअरना जोर वाटून देतात. त्या गिअरमधून निघालेले हाफ शाफ्ट चाकांपर्यंत जातात.

हा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच जोर देतो. डांबरी रस्त्यावर हा त्याचा गुण, चिखलात हाच त्याचा अवगुण. अधांतरी चाकाला फिरायला जोर लागतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला जेवढा लागतो तेवढाच दुसऱ्या चाकाच्या वाट्याला येतो, आणि तो गाडी हलवायला पुरत नाही. म्हणजे ॲक्सलवरच्या सगळ्यात दुबळ्या चाकाने दुसऱ्या चाकाची ताकद ठरवली. फोर-बाय-फोर गाडीत असे दोन डिफरन्शियल असतात, एक पुढे आणि एक मागे. खडकाळ वाटेवर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी उचललं गेलं की चारही चाकांना जोर पोचवणारी ही गाडीसुद्धा हतबल होते. ‘फोर-बाय-फोर आहे, कुठेही जाईल’ या समजुतीला इथेच तडा जातो.

मेलबर्नमधून जगभर

या अडचणीवर उपाय म्हणून डिफरन्शियल काही काळ बंद करून टाकायची कल्पना जुनी आहे. पण साध्या गाडीत मागाहून बसवता येईल आणि चालकाच्या बोटावर चालेल अशा रूपात ती लोकांपर्यंत पोचवण्याचं मोठं श्रेय एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीला जातं. १९७५ साली अँथनी रोनाल्ड ब्राउन यांनी मेलबर्नमध्ये ती सुरू केली. कंपनीचं नाव म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात भटकताना बाजारातले बुलबार आणि रूफ रॅक तिथल्या रस्त्यांपुढे टिकत नाहीत हे त्यांनी पाहिलं, आणि मजबूत सामान स्वतःच बनवायला घेतलं. १९८७ साली कंपनीने रॉबर्ट्स डिफ-लॉक हा हवेवर चालणारा लॉकर आपल्याकडे घेतला. पुढे तो एआरबी एअर लॉकर या नावाने विकला जाऊ लागला. आज जगातल्या बहुतेक नावाजलेल्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या ॲक्सलसाठी तो मिळतो.

याची रचना समजायला अवघड नाही. मूळ डिफरन्शियलचं घर काढून त्या जागी नवं घर बसवतात. त्यात नेहमीचे स्पायडर आणि साइड गिअर असतातच, शिवाय दातेरी कडं आणि ते सरकवणारा कंकणाकृती पिस्टन असतो. बटण दाबलं की १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरची हवा सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून एका बारीक नायलॉनच्या नळीत जाते. एआरबीच्या नळीचा निळा रंग ऑफ-रोडवाल्यांना लांबूनही ओळखू येतो. हवा पिस्टनला ढकलते, पिस्टन दातेरी कडं सरकवतो आणि एका बाजूचा साइड गिअर घराला पक्का जखडला जातो. एक बाजू जखडली की स्पायडर गिअर फिरू शकत नाहीत, त्यामुळे दुसरी बाजूही आपोआप जखडली जाते. आता दोन्ही हाफ शाफ्ट एकाच दांड्यासारखे फिरतात. बटण बंद केलं की हवा बाहेर सुटते, स्प्रिंग कडं मागे खेचतात आणि डिफरन्शियल पुन्हा पहिल्यासारखा मोकळा होतो.

यातला कसबाचा भाग म्हणजे फिरत्या घरात हवा शिरवणं. त्यासाठी बेअरिंगजवळ एक कॉलर बसवतात. ती स्थिर राहते आणि घर तिच्या आत फिरतं. मध्ये दोन रबरी ओ-रिंग हवा अडवून धरतात. सगळ्या यंत्राचा भरवसा या दोन रिंगांवर असतो.

हवाच का?

लॉकरचे इतर प्रकारही आहेत. डेट्रॉइट लॉकरसारखे यांत्रिक लॉकर सरळ रस्त्यावर जखडलेलेच राहतात आणि वळणावर स्वतःहून सुटतात, मात्र त्यांचा खटका आणि स्टिअरिंगवरचा परिणाम डांबरावरही जाणवतो. विजेवर चालणाऱ्या लॉकरना हवेची नळी आणि ओ-रिंगची कटकट नाही. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल चाकांमधला फरक थोडा आवरतो, पूर्ण जखडत नाही. हवेच्या लॉकरची जमेची बाजू अशी की बंद असताना गाडी कंपनीतून आली तशीच चालते आणि चालू केला की शंभर टक्के जखडतो. नळी फुटली किंवा वीज गेली तरी डिफरन्शियल मोकळाच राहतो. म्हणजे बिघाड झाला तर फार तर चिखलात मदत मिळत नाही, हायवेवर गाडी अडकून पडत नाही.

शिवाय कॉम्प्रेसर गाडीतच असतो. वाळूवर जाताना टायरमधली हवा तीसेक पीएसआयवरून पंधरा-अठरापर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सिम्पसन वाळवंटात अकराशेहून जास्त समांतर वाळूच्या टेकड्या आहेत. बर्ड्सव्हिल गावाजवळची त्यातली ‘बिग रेड’ सुमारे ४० मीटर उंच आहे. तिथून परत पक्क्या रस्त्यावर आल्यावर चारही टायर पुन्हा फुगवायचं काम पुरेशा क्षमतेचा हाच कॉम्प्रेसर करतो.

गाडीच्या कारखान्यांनाही हवेची ही युक्ती पटली. २००३ साली आलेल्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढे-मागे कमी दाबाच्या हवेवर चालणारे लॉकर कंपनीतूनच बसवून मिळत होते. २००७ च्या पुढच्या पिढीत जीपने विजेचा मार्ग धरला. अवजड वाहनांत तर हवेच्या ब्रेकसाठी टाकी असतेच. त्यामुळे खाणीत आणि धरणाच्या कामावर चालणाऱ्या अनेक टिपरच्या केबिनमध्ये डिफ-लॉकचं बटण दिसतं आणि ते त्याच हवेवर चालतं.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट फार लांबची वाटायचं कारण नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे लॉक चालकाच्या हातात दिलेले आहेत. २०२० च्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागच्या ॲक्सलवर एक चाक फार वेगाने फिरू लागलं की आपोआप जखडणारा यांत्रिक डिफरन्शियल आला, आणि २०२४ च्या थार रॉक्समध्ये विजेवर चालणारा. मलेशियात १९९७ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून पावसाळ्यातल्या गोव्यात भरू लागली. तिथल्या लाल चिखलात आणि खडकांत उतरणाऱ्या स्पर्धकांना लॉकरशिवाय पुढे जाणं जड जातं.

ज्यांच्या गाडीत कंपनीचा लॉक नाही, ते मागाहून बसवायचा विचार करतात. त्यांनी आधी कायद्याकडे पाहायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे पाळण्याच्या बाजूनेच निकाल दिला. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी आरटीओ, विमा कंपनी आणि गाडीच्या वॉरंटीचे नियम, तिन्हींची खात्री करून घ्यावी.

काम करणारा मिस्त्रीही तसाच जाणकार हवा. ॲक्सल उघडून क्राउन नव्या घरावर चढवायचा, बेअरिंगचा ताण आणि क्राउन-पिनियनमधलं खेळतं अंतर जुळवायचं, हाउसिंगला भोक पाडून हवेची नळी आत घ्यायची आणि पाडलेल्या भोकाचा कीस आत राहू द्यायचा नाही. खेळतं अंतर मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. ते चुकलं तर डिफरन्शियल आधी गुणगुणतो, मग ओरडतो आणि शेवटी दाते खातो. नंतरही लक्ष ठेवावं लागतं. सोलेनॉइडच्या तोंडातून गिअर ऑइल झिरपू लागलं किंवा कॉम्प्रेसर सारखा सुरू होऊ लागला, तर आतली ओ-रिंग गळते आहे असं धरून ती तपासून घ्यावी.

कधी दाबायचं, कधी सोडायचं

लॉकर नव्याने घेतलेल्यांची नेहमीची चूक म्हणजे गाडी रुतल्यावर, चाक जोरात फिरत असताना बटण दाबणं. त्यामुळे दातेरी कड्याला जबर धक्का बसतो. योग्य पद्धत उलटी आहे. अडथळा समोर दिसला की थांबायचं, लो-रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाकायची, लॉकर लावायचा आणि मग सावकाश पुढे जायचं. आधी मागचा लॉकर, गरज पडली तरच पुढचा. एआरबीच्या वायरिंगमध्ये मागचा लावल्याशिवाय पुढचा लागतच नाही, ते याच विचाराने. पुढची चाकं जखडली की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि चाकं पूर्ण वळवून जोर दिला तर वळत्या चाकाला जोर पोचवणारा सीव्ही जॉइंट तुटू शकतो.

आडव्या उतारावर, विशेषतः ओल्या गवतावर आणि चिकणमातीवर, लॉकर घातकही ठरतो. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं जमीन धरून गाडीला खाली सरकण्यापासून रोखतं. जखडलेल्या ॲक्सलवर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीची मागची बाजू दरीकडे सरकते. पक्क्या डांबरावर लॉक लावून वळण घेतलं तर टायर घासतात, हाफ शाफ्टवर पीळ पडतो आणि गाडी वळायचंच नाकारते. काम झालं की बटण बंद करणं, हे लावण्याइतकंच महत्त्वाचं.

एका फायद्याबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. लॉकर लावलेली गाडी चाकं न घसरवता, कमी वेगाने अडथळा पार करते. घसरणारं चाक माती उकरतं, तीच माती पुढच्या पावसात वाहून जाते आणि वाटेची घळ होते. नीट वापरलेला लॉकर वाटेची ही झीज कमी करतो. पण याच ताकदीच्या भरवशावर गाड्या सह्याद्रीच्या सड्यांवर घातल्या जातात, आणि तिथला मातीचा पातळ थर आणि त्यावरची रानफुलं एका टायरखाली कायमची जातात. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. तो वारसा चाकाखाली तुडवायचा अधिकार कुठल्याही यंत्राने दिलेला नाही.

लॉकर घ्यायचा असेल त्याने क्रम लक्षात ठेवावा. आधी चांगले टायर, मग ओढून काढायला मजबूत पट्टा आणि शॅकल, मग जाणत्या माणसाकडून प्रशिक्षण, मग मागचा लॉकर आणि अगदी शेवटी, खरोखर लागला तर, पुढचा. हा क्रम पाळणाऱ्याला लॉकरची गरज फार थोड्या वेळा पडते. ज्या वेळी पडेल, त्या वेळी बटण आधी दाबा, सावकाश जा आणि मळलेली वाट सोडू नका.