आधी सिरिंज, मग प्रतिविष

रोवणीच्या दिवसांत आलापल्लीकडच्या दवाखान्यात सर्पदंशाचा रुग्ण आला, विष चढल्याची लक्षणं दिसली, की सिस्टर आधी एक छोटी सिरिंज भरतात. तीत अर्धा मिली अ‍ॅड्रिनॅलिन. ती ट्रेमध्ये हाताशी ठेवली की मगच त्या प्रतिविषाच्या कुप्यांकडे वळतात.

प्रतिविषाची पूड असते. एकेका कुपीत 10 मिली पाणी सोडून ती तळव्यांत हलकेच फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. अशा दहा कुप्या सलाईनमध्ये जातात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचा हा उतारा घोड्यांच्या रक्तातून तयार होतो, आणि अडचण तिथंच आहे. घोड्याची प्रथिनं आपल्याला परकी. काहींचं शरीर त्यांच्यावर उसळतं.

म्हणून ड्रिप सुरू झाली की सिस्टर खाट सोडत नाहीत. मनगटावर बोटं, नजर गळ्या-छातीवर. खाज, गांधी, उलटी, छातीत घरघर, यातलं काहीही दिसलं की ड्रिप बंद आणि अ‍ॅड्रिनॅलिनची सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. रुग्ण सावरला की ड्रिप परत चालू, सावकाश. कारण विष अजून अंगात असतंच.

सिरिंजमधलं हे औषध शरीर स्वतःही बनवतं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी संकटात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात: सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, श्वासनलिका मोकळ्या होतात. 1902 साली रिशे आणि पोर्तिए यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना परक्या प्रथिनांवरची ही जीवघेणी प्रतिक्रिया ओळखली. पहिला डोस पचवलेलं कुत्रं काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या विषानं अर्ध्या तासात मेलं. पुढं उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या गेल्या. धडधाकट उंदीर जी प्रतिक्रिया निभावून नेत, तिच्यात हे उंदीर दगावत. याच ग्रंथींचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, औषध म्हणून देतात तेव्हा त्याचा गुण यायला काही तास लागतात. पहिल्या मिनिटांची भिस्त अ‍ॅड्रिनॅलिनवरच. शरीराची कुमक कमी पडली तर भर घालायला ती सिरिंज.

पण रक्तदाबाच्या काही गोळ्या अ‍ॅड्रिनॅलिनची वाटच अडवतात. मग डोस देऊनही तो पुरेसा लागू पडत नाही. त्यामुळे साप कोणता होता हे विचारून झालं की सिस्टरांचा पुढचा प्रश्न असतो, "बाबा, बीपीची गोळी घेता का?" नातेवाईक तो माडिया बोलीत समजावून सांगतात. उत्तर आल्यावर पहिली कुपी फुटते.